बाळ अजून बसत नाही. थांबू की थेरपी सुरू करू?

पत्र: ताई, आमचा मुलगा तेरा महिन्यांचा आहे. बत्तिसाव्या आठवड्यात झाला, तेवीस दिवस काचेत होता. हसतो, माणसं ओळखतो, हाक मारली की वळून बघतो, दिवसभर ‘बाबाबा’ चालू असतं. पण बसत नाही. मागे उशी लावली तर बसतो, ती काढली की पुढे कोलमडतो. रांगायचं तर नावच नाही. लंगोट बदलताना पाय ताठ करतो. आमचे डॉक्टर म्हणाले, कमी दिवसांचा आहे, थोडी वाट पाहू. सासूबाई म्हणतात, ह्याचे बाबाही उशिराच चालले होते. मी शाळेत शिकवते, दुपारपर्यंत तो त्यांच्याकडेच असतो. मिस्टर अंबडला कंपनीत, शिफ्ट ड्यूटी. सगळं उजव्या हातानेच घेतो म्हणून सासूबाईंना कोण कौतुक, ‘आत्तापासूनच पक्का उजवा आहे’ म्हणतात. डाव्या हाताची तर मूठच सोडत नाही लबाड. मैत्रिणीने सुचवलं म्हणून एका थेरपी सेंटरला गेलो. पंधरा मिनिटं पाहिलं आणि सहा महिन्यांचं पॅकेज सांगितलं. पैसे आधी भरायचे, या आठवड्यात भरले तर सवलत. नातेवाईक म्हणतात, मुंबईलाच न्या. काय करू? नोकरी सोडावी लागेल का?
– एक आई, पाथर्डी फाटा, नाशिक

उत्तर:

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही कौतुकाच्या ओघात लिहून गेलात. सगळं उजव्या हाताने घेणं आणि डाव्या हाताची मूठ न सोडणं. बसण्याबद्दल आपण बोलूच, पण बसण्याचा एकटा प्रश्न असता तर मी कदाचित थोडं सबुरीने लिहिलं असतं. या मुठीमुळे नाही लिहीत. वर्षाच्या आतलं बाळ दोन्ही हातांनी खेळतं. जो हात जवळ असेल त्याने वस्तू ओढतं, या हातातली त्या हातात घेतं, तोंडात घालतं. अमुक एका हाताचा असणं पुढे, दोन-तीन वर्षांचं होता होता ठरत जातं. इतक्या लवकर एकच हात ‘पक्का’ दिसत असेल तर बहुतेकदा तो हुशार आहे म्हणून नव्हे, दुसरा मागे पडतोय म्हणून दिसतो. त्यात लंगोट बदलताना पाय ताठ होणं आणि आधाराशिवाय न बसणं धरलं, तर बाळाची नीट न्यूरॉलॉजिकल, म्हणजे मेंदू आणि नसांची, तपासणी आत्ताच व्हायला हवी. हे निदान नाही. पत्रावरून निदान करणाऱ्या माणसापासून चार हात लांबच राहावं, मग ती व्यक्ती मी का असेना.

आता डॉक्टरांचं ‘कमी दिवसांचा आहे’. ते चुकीचं नाही, फक्त हिशेब शेवटपर्यंत करायला हवा. पूर्ण दिवस म्हणजे चाळीस आठवडे. तुमचा मुलगा बत्तिसाव्या आठवड्यात आला, म्हणजे आठ आठवडे आधी. तेरा महिन्यांतून साधारण दोन गेले, राहिले अकरा. दोन वर्षांचा होईपर्यंत त्याची प्रगती या अकरांच्या हिशेबानेच मोजायची, डॉक्टर त्याला करेक्टेड एज म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००६ साली एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात भारतातलीही मुलं होती. निरोगी मुलं आधाराशिवाय बसायला लागण्याचा काळ त्यात ३.८ ते ९.२ महिने असा निघाला. एकट्याने चालण्याचा ८.२ ते १७.६ महिने. तेव्हा सासूबाई चालण्याबद्दल म्हणतात ते अगदी बरोबर आहे, त्याला अजून भरपूर वेळ आहे. रांगण्याचंही फार मनावर घेऊ नका. त्याच अभ्यासात काही मुलं न रांगताच चालायला लागलेली आढळली. पण बसण्याची सूट आपण दोन महिन्यांची देऊनही संपलेली आहे.

एक गोष्ट घरात सगळ्यांना सांगा. थेरपी सुरू करायला आजाराचं नाव मिळेपर्यंत थांबावं लागत नाही. नाव मिळायला कधीकधी महिने जातात. एमआरआय, तपासण्या, ‘परत तीन महिन्यांनी दाखवा’. तोवर मेंदू काही थांबत नाही. पहिल्या दोन-तीन वर्षांत तो वापराप्रमाणे घडत असतो. जो हात वापरला जातो त्याच्या वाटा पक्क्या होतात, जो वापरला जात नाही त्याच्या पुसट होतात. तपासणीअंती सगळं ठीक निघालं, तर थोडे पैसे आणि काही सकाळी गेल्या, एवढंच नुकसान. वर्षभर थांबून मग कळलं, तर ते वर्ष परत मिळत नाही.

तर नाशिकमध्ये कुठून सुरुवात करायची? आधी आपल्याच बालरोगतज्ज्ञांकडे परत जा, पण हात हलवत जाऊ नका. दवाखान्यात बाळ एकतर रडतं नाहीतर झोपतं, आणि डॉक्टरांना पाच मिनिटांत काही दिसत नाही. म्हणून घरी मोबाइलवर लहान व्हिडिओ काढा: उशी काढल्यावर तो कसा बसतो, पोटावर पालथा टाकल्यावर डाव्या हाताचं काय करतो, डाव्या बाजूला खेळणं धरलं तर कुठला हात येतो, लंगोट बदलताना पाय कसे होतात. काचेतून घरी सोडताना दिलेलं डिस्चार्ज कार्ड बरोबर ठेवा. तिथे मेंदूची सोनोग्राफी झाली होती का, कावीळ किती चढली होती, ऑक्सिजन किती दिवस होता, हे त्यावर असतं. आणि स्पष्ट विचारा, ‘हॅमरस्मिथ तपासणी कराल का, किंवा करणाऱ्याकडे पाठवाल का?’ बाळाच्या हालचाली, स्नायूंचा ताठपणा आणि दोन बाजूंतला फरक यांना गुण देणारी ही तपासणी आहे. ती दोन महिने ते दोन वर्षांपर्यंतच्या मुलांची करतात, हातानेच करतात आणि बाळाला दुखत नाही. लेकुरवाळ्या आया डॉक्टरांना असं नाव घेऊन विचारायला बिचकतात. बिचकू नका, चांगल्या डॉक्टरांना राग येत नाही.

डोळे आणि कान राहिले असतील तर तेही याच फेरीत उरकून घ्या. बत्तिसाव्या आठवड्यातल्या बाळाच्या डोळ्यांच्या पडद्याची तपासणी जन्मानंतर महिन्याभरात व्हायला हवी असते. झाली होती का ते कार्डावर बघा, आणि झाली असली तरी आता नजर पुन्हा दाखवा. कानांसाठी बेरा चाचणी होते. हाकेला वळतो हे छान आहे, पण काचेत राहिलेल्या बाळाचा कान मशीननेच तपासलेला बरा. ऐकू कमी येत असल्याचं दीड-दोन वर्षांनी ‘बोलत नाही’ म्हणून कळतं, तोवर बराच काळ वाया गेलेला असतो.

दुसरं दार सिव्हिलचं. त्र्यंबक रोडवर, गोल्फ क्लब मैदानाजवळचं आपलं जिल्हा रुग्णालय. नाक मुरडू नका, पुढचं वाचा. केंद्र सरकारने २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू केला. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांमधली जन्मजात व्यंगं, कमतरता, आजार आणि विकासातली दिरंगाई शोधून मोफत उपचार द्यायचे, असा तो कार्यक्रम. त्यात जिल्ह्याच्या पातळीवर डीईआयसी, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र, ठेवलं आहे. बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपी, वाचा आणि श्रवण तपासणी, मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक हे सगळे एका छताखाली असावेत ही त्यामागची कल्पना. केसपेपर काढताना ‘बाळाचं काम आहे, डीईआयसीला जायचं आहे’ असं नाव घेऊन सांगा, नाहीतर तुम्ही सर्वसाधारण ओपीडीच्या रांगेत उभ्या राहाल आणि दुपार तिथेच होईल. सकाळी लवकर जा, बाळाचं खाणं बरोबर न्या. उत्पन्नाचा दाखला, अपंगत्वाचं प्रमाणपत्र, यातलं काही लागेल म्हणून थांबू नका.

तुमच्या अंगणवाडीताईंनाही गाठा. आरबीएसकेचं, म्हणजे याच बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं, पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत मुलं तपासायला येतं, पुढे पाठवण्याची चिठ्ठी तिथून मिळते. सिन्नर, निफाड, पेठकडून हे वाचणाऱ्यांना तर हीच वाट सोयीची. शिवाय घरोघरी येणाऱ्या आशाताईंनी तिसऱ्या, सहाव्या, नवव्या, बाराव्या आणि पंधराव्या महिन्यांत बाळ बघायचं असतं. त्यांना तुम्ही होऊन सांगा. माता-बाल संरक्षण कार्डावर कुठल्या महिन्यात बाळाने काय करावं याची चित्रं असतात. लसीचे शिक्के मारून झाले की ते कार्ड कपाटात जातं. काढा बाहेर, चित्रं सासूबाईंनाच दाखवा.

आता पॅकेज. भरू नका. निदान या आठवड्यात तरी नाही. सवलतीची मुदत घालून साडी विकावी, थेरपी नव्हे. पंधरा मिनिटांत सहा महिन्यांची गरज कुणाला कळते? पहिली भेट नीट असेल तर तास-दीड तास जातो. गर्भारपणापासूनची विचारपूस, कागद बघणं, बाळाला जमिनीवर सोडून नुसतं बघणं. मग निघताना थेरपिस्ट सांगतो, पुढच्या दोन महिन्यांत आपण कशासाठी धडपडणार आहोत. ‘इम्प्रूव्हमेंट होईल’ हे उद्दिष्ट नाही. ‘दोन्ही हात पुढे टेकवून अर्धा मिनिट आधाराशिवाय बसेल’, ‘डाव्या हाताने वाटी पकडून ठेवेल’ ही उद्दिष्टं. ती वहीत लिहून मागा. आठवड्याला किंवा महिन्याला पैसे भरता येतात का विचारा. नाही म्हणाले तर दुसरं सेंटर बघा. कॉलेज रोड, गंगापूर रोड, इंदिरानगर या पट्ट्यात आता पाट्यांना तोटा नाही. पाट्यांवर मात्र जाऊ नका.

कुणाकडे काय पाहायचं, तेही सांगते. तुमच्या बाळाला आत्ता हवा तो लहान मुलांत काम करणारा फिजिओथेरपिस्ट किंवा ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे हातांचा वापर आणि रोजच्या हालचाली शिकवणारा. कंबरदुखी आणि गुडघे बघणारे फिजिओ आपल्या जागी उत्तम असतात, पण अकरा महिन्यांच्या बाळाला हात लावण्याची सवय वेगळी. या दोन्ही शाखांची महाराष्ट्रात स्वतंत्र राज्य परिषद आहे, तिथला नोंदणी क्रमांक विचारा. पुढे कधी वाचातज्ज्ञ, विशेष शिक्षक किंवा क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट लागले, तर त्यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते आणि तिच्या संकेतस्थळावर नाव तपासता येतं. भिंतीवर लावलेली दोन दिवसांच्या कार्यशाळेची चौकटीतली प्रमाणपत्रं म्हणजे नोंदणी नव्हे.

सगळ्यात मोठी खूण मात्र दाराशीच कळते. बाळ आत नेलं, दार लावलं आणि तुम्हाला बाहेर खुर्चीवर बसवलं, तर त्या सेंटरमध्ये दुसऱ्यांदा जाऊ नका. आठवड्यातून दोन-तीन तास तो थेरपिस्टकडे असणार, बाकीचा सगळा वेळ घरी. थेरपी घरच्या हातांनी झाली तरच ती होते. चांगली थेरपिस्ट स्वतः करून दाखवते, मग हात काढून घेते, ‘आता तुम्ही’ म्हणते आणि तुमचा अंगठा कुठे चुकतोय ते बघते. तुम्ही चार वेळा चुकता, पाचव्यांदा बाळाचा डावा तळवा सतरंजीवर सपाट टेकतो आणि ते मान वर करून तुमच्याकडे बघतं. ही बैठक भारी. रंगीत दिवे, झोपाळे आणि बॉलच्या हौदाची तुमच्या बाळाला आत्ता काही गरज नाही, फोटोला बरे दिसतात.

म्हणूनच पहिल्या बैठकीला सासूबाईंना घेऊन जा. तुम्ही शाळेत असताना बाळ त्यांच्या मांडीवर असतं, तेव्हा शिकायला हवं ते त्यांनी. आणि घरातला वाद तुम्ही बोलून जिंकणार नाही. थेरपिस्टने त्यांच्यासमोर डाव्या हाताजवळ खुळखुळा धरला आणि बाळाने अंग वळवून उजवा हात आणला, की त्यांना आपोआप दिसेल. त्यांना दोष दिल्यासारखं मात्र होऊ देऊ नका. त्यांनी ती गोष्ट टिपली म्हणून तर तुम्हाला लिहिता आली.

तोवर घरी काय? जागेपणी दिवसातून बऱ्याचदा, थोडा थोडा वेळ, जमिनीवर सतरंजी घालून पालथं ठेवा, छातीखाली गुंडाळलेली चादर. रडायला लागला की उचला, पुन्हा थोड्या वेळाने. खेळणी डाव्या बाजूने द्या, तुम्हीही डाव्या बाजूला बसून बोला. दोन्ही हात लागतील अशा वस्तू निवडा: मोठा हलका चेंडू, सैल झाकणाचा स्टीलचा डबा, फाडायला वर्तमानपत्राचं पान. घट्ट मिटलेली बोटं ओढून उघडू नका. मनगट अलगद खाली वाकवलं की बोटं आपसूक सैल पडतात, तेव्हा तळव्यात काहीतरी ठेवा. आणि कुणीतरी नक्की सुचवेल की उजवा हात बांधून ठेवा म्हणजे डावा वापरेल. चांगला हात मोज्यात ठेवून दुसऱ्याला काम द्यायची पद्धत खरोखर आहे, पण ती किती वेळ आणि कशी हे प्रशिक्षित माणूस ठरवतो. घरी प्रयोग नको.

मालिशवाल्या बाई येत असतील तर तेल-मालिश चालू राहू दे, बाळाला आवडते, झोप लागते. पण पाय कडाकड ओढणं, हात छातीवर फुली करून दाबणं, उलटं धरून हेलकावणं आजपासून बंद. ताठ स्नायू ओढल्याने सैल होत नाहीत, आणखी आखडतात. वॉकर कुणी भेट दिला असेल तर माळ्यावर टाका. त्यात बाळ लोंबकळत टाचा उचलून ढकलतं, बसायला-चालायला शिकत नाही, आणि पायऱ्यांवरून गडगडण्याचे अपघात इतके होतात की कॅनडाने २००४ साली त्याच्या विक्रीवर बंदीच घातली. आपला लाकडी पांगुळगाडा वेगळा, त्यात मूल स्वतःच्या पायांवर उभं राहून ढकलतं. पण त्याची वेळ बसणं-उभं राहणं जमल्यावर. जेवताना मोबाइल लावत असाल तर तोही बंद. दोन वर्षांच्या आत पडदा नकोच, असं भारतीय बालरोगतज्ज्ञांची संघटनाही सांगते.

मुंबई. तुमच्या डॉक्टरांना किंवा डीईआयसीला निदानाबद्दल शंका वाटली, बालमेंदूतज्ज्ञाचं किंवा विकासात्मक बालरोगतज्ज्ञाचं दुसरं मत हवं असलं, तर जरूर जा. परळचं वाडिया रुग्णालय आहे, २००१ पासून मुलांच्या विकासावर काम करणारं ‘उम्मीद’ आहे, ऐकण्या-बोलण्याचा प्रश्न निघाला तर वांद्र्याची अली यावर जंग संस्था आहे. पण ते तपासणीसाठी आणि सहा-आठ महिन्यांनी फेरतपासणीसाठी. दर आठवड्याला पंचवटी एक्सप्रेसने कसारा घाट उतरून थेरपी करणारी कुटुंबं तिसऱ्या महिन्यात थकतात, आणि मग थेरपीच सुटते. पाथर्डी फाट्यावरून रिक्षाने वीस मिनिटांत पोहोचता येईल अशी बरी थेरपिस्ट ही लांबच्या नामवंत थेरपिस्टपेक्षा तुमच्या उपयोगाची. इंटरनेटवर स्टेम सेलच्या जाहिराती दिसतील, दिसतातच. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला लहानपणीच झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा नसणं) आणि ऑटिझमसाठी लाखो रुपयांचं स्टेम सेल हा मान्य उपचार नाही. ऑटिझमच्या बाबतीत तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या मंडळाने २०२२ साली तो देण्याविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतली आहे. फोन नंबर सुद्धा देऊ नका त्यांना.

वणीला नवस बोलला असाल तर जरूर फेडा, गडावर जाऊन या. फक्त डॉक्टरांची वेळ त्याच्या आधीची घ्या.

कागदपत्रांचं एवढंच: आत्ता धावपळ नको. पुढे निदान ठरलं आणि ते अपंगत्वाच्या कायद्यातल्या यादीत बसलं, तर युडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं सरकारी ओळखपत्र, काढा. सेरेब्रल पाल्सी, ऑटिझम, बौद्धिक किंवा बहुविध अपंगत्व असलेल्यांसाठी राष्ट्रीय न्यासाची निरामय ही आरोग्य विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत. त्यात थेरपीचा खर्चही येतो. थेरपीच्या पावत्या पहिल्या दिवसापासून एका पाकिटात ठेवा.

आणि नोकरी. राजीनामा आत्ता मुळीच देऊ नका. पहिल्या तपासण्यांना चार-सहा रजा लागतील, त्या काढा. थेरपीची वेळ दुपारी तीननंतरची मागा, बाळाची झोप झालेली असते आणि तुम्हीही घरी असता. मिस्टरांची रात्रपाळी असेल त्या आठवड्यात एक बैठक त्यांना घेऊन जाऊ दे. अंबडहून सकाळी आल्यावर थोडी झोप काढून जाता येतं, आणि बापाच्या छातीवर पालथं पडणं हाही पोटावर झोपवण्याचाच व्यायाम आहे. तीन महिन्यांनी वहीतली उद्दिष्टं उघडून बघा, काय जमलं, काय नाही. तेव्हाही घरचं गणित बसत नसेल, तर शाळेत आधी अर्धा वेळ किंवा बिनपगारी रजा मिळते का ते विचारा. डॉक्टरांनी हॅमरस्मिथमध्ये काय सांगितलं ते मला कळवा. नाही केली, तर का नाही केली तेही कळवा.